वृंदावनाचा माथा कुठून दिसतो: उतरवायच्या वाड्याच्या चित्रांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या दुमजली वाड्याची ही गोष्ट. गावाचं आणि घराण्याचं नाव मुद्दाम देत नाही. वाडा चार भावंडांच्या नावावर होता, वरची कौलं तीन पावसाळे गळत होती, आणि संक्रांतीनंतर वाडा उतरवायचा, म्हणजे पाडायचा, हे घरात ठरून गेलं होतं. थोरल्या बहिणीने मनाशी घेतलं की उतरवायच्या आधी आपण वाडा कागदावर काढून ठेवायचा. बारा चित्रं काढायची आणि त्यांच्या प्रती सगळ्या भावंडांना, भाच्यांना, पुतण्यांना द्यायच्या. त्यांना इथे ताई म्हणतो.

ताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. शाळकरी वयात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या, त्यानंतर मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं पेन्सिल फक्त फळ्यावरच्या नकाशांआधी कच्च्या आकृत्या काढायला. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी पाच चित्रं सुरू केली, दिवाळीनंतर पुन्हा गावी जाऊन तीच पुढे नेली, आणि नोव्हेंबर संपता संपता ती गुंडाळी घेऊन माझ्याकडे आल्या. मी पुण्यात रेखाटनाचे वर्ग घेतो.

“सर, खांब न् खांब मोजून काढलाय,” त्या म्हणाल्या, “तरी वाडा वाड्यासारखा दिसत नाही. भातुकलीतल्या घरासारखा दिसतो.”

हातात सात आठवडे होते, आणि ताई पुण्यात राहत असल्यामुळे खरं तर शनिवार-रविवारच.

अडचण

पाचही चित्रांत तोच घोळ होता, म्हणून इथे एकाच चित्राबद्दल सविस्तर लिहितो: आतल्या चौकाचं चित्र. चौक सोळा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब, चारही बाजूंनी ओसरी, ओसरीचं दगडी जोतं अडीच फूट उंच, मध्ये साडेचार फुटी तुळशीवृंदावन. ताई चौकाच्या पूर्वेच्या कडेला बुटक्या स्टुलावर बसून पश्चिमेकडे बघत होत्या. तसं बसल्यावर त्यांचा डोळा फरशीपासून साडेतीन फुटांवर येतो. मी नंतर तिथे टेप लावून हे मोजलं.

डोळा साडेतीन फुटांवर असेल तर साडेचार फुटी वृंदावनाचा माथा दिसायला नको. डोळ्याच्या वर असलेल्या आडव्या पृष्ठाची फक्त खालची बाजू दिसते, वरची नाही. चित्रात मात्र वृंदावनाचा माथा, त्यातली माती, तुळशीची मुळंसुद्धा दिसत होती. समोरच्या ओसरीची जमीन डोळ्यापेक्षा फक्त फूटभर खाली, म्हणजे ती चिंचोळी पट्टी दिसायला हवी. ती चित्रात चांगली ऐसपैस होती. उजवीकडचे खांब दूर जाताना एकमेकांजवळ यायला हवेत, ते सगळे सारख्या अंतरावर उभे होते. आणि खांबांवरचे हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे कोरीव लाकडी तुकडे, पहिल्या खांबाचे आणि शेवटच्या खांबाचे सारख्याच बारकाईने काढलेले. त्या प्रत्येक हस्तासाठी ताई उठून खांबाजवळ गेल्या होत्या.

छायेचीही तीच गत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. चौकाची फरशी पांढरीफटक, आणि वळचणीची सावली सरळ खाली. डिसेंबरच्या मध्यावर हाच सूर्य भर दुपारीही ४९ अंशांच्या आसपासच चढतो. सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिणेकडच्या छपराची सावली सगळी फरशी झाकते आणि समोरच्या दर्शनी भागावर उन्हाची कड डावीकडून उजवीकडे तिरकी उतरत जाते. ताईंच्या कागदावर फरशी मे महिन्याची होती आणि भिंत नोव्हेंबरची. त्यात कागद बोटाने घासून घासून सगळीकडे सारखाच करडा झालेला.

इथे एक सांगायला हवं. एकाच चित्रात अनेक जागांवरून बघणं ही मुळात चूक नाही. आपल्या वाड्यांच्या भिंतींवरची जुनी चित्रं तशीच आहेत, कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेत, तसंच आहे. तिथे बघणाऱ्याने एका जागी खिळून राहावं असा आग्रहच नाही. एका जागेवरून बघण्याची रीत आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आली. १७९० च्या दशकात पुण्याच्या गंगाराम तांबटांनी ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारली, तेव्हा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्यांच्याबरोबर काम करत होता. त्या काळापासून दोन्ही रिती पुण्यात शेजारी शेजारी नांदल्या आहेत. ताईंना मी आधी हेच विचारलं: तुम्हाला कोणती हवी? त्या म्हणाल्या, “मुलांना तिथे बसल्यासारखं वाटलं पाहिजे.” हे उत्तर मिळाल्यावरच मी पुढच्या दुरुस्तीला हात घातला.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग, आहे त्याच पाच चित्रांवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेषा सुधारायच्या. वेळ वाचला असता. पण ज्या चित्रात बघणाऱ्याची जागाच ठरलेली नाही, त्यात कोणती रेषा खरी धरायची आणि कोणती खोटी?

दुसरा मार्ग भाच्याने सुचवला: फोनने फोटो काढून ते गिरवायचे. घरातल्या बहुतेकांना हाच पटत होता. मी विरोधात होतो आणि अजूनही आहे, निदान चौकासारख्या जागेसाठी. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं भिंग साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीचं, म्हणजे रुंद बघणारं असतं. सोळा फुटी चौकात त्याने फोटो काढला की जवळचा खांब फुगतो आणि समोरची ओसरी दूर पळते. वरचा मजला घ्यायला फोन जरा मागे कलला की सगळे खांब वर एकमेकांकडे झुकतात. नव्या इमारतीत हे लगेच ओळखू येतं. जुन्या वाड्यात खांब खरोखरच कललेले असतात, मग झुकाव कॅमेऱ्याचा किती आणि वाड्याचा किती हे फोटो सांगत नाही.

तिसरा मार्ग, बारा चित्रांचा हट्ट सोडायचा, सात घ्यायची, आणि जागेवर बसून नव्याने काढायची.

चौथा होता वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांकडून वाड्याचे मोजमाप-नकाशे करून घेण्याचा. तो मी बोलून दाखवला आणि घरात “आता कशाला” म्हटल्यावर सोडून दिला. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आम्ही तिसरा धरला. फोटो काढायचे, पण कोरीवकामाची आठवण म्हणून, रेषेसाठी नाही.

पहिला निर्णय: चित्र सुधारायचं की जागा बदलायची

कामाला लागण्याआधी मी जुन्या चित्रावर ट्रेसिंग ठेवून मागे जाणाऱ्या रेषा पट्टीने लांबवल्या. समोरासमोर बसून बघताना मागे जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवरच्या एकाच बिंदूत मिळायला हव्यात, आणि तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. ताईंच्या चित्रात वळचणीच्या रेषा एकीकडे मिळत होत्या, खांबांच्या माथ्यांच्या दुसरीकडे. पण जोत्याच्या दोन्ही रेषा आणि फरशीचे सांधे बऱ्यापैकी एका ठिकाणी येत होते. समोरच्या आठ फुटी खांबाच्या मापाने मी त्या ठिकाणाची उंची काढली. ती निघाली समोरच्या ओसरीच्या जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट, म्हणजे चौकाच्या फरशीपासून सहा फूट.

चौकात स्टुलावर बसलेल्या माणसाचा डोळा सहा फुटांवर नसतो. अडीच फूट उंच ओसरीत स्टुलावर बसलेल्याचा मात्र बरोबर तिथेच असतो.

मी ताईंना विचारलं, “हे पूर्वेच्या ओसरीतून काढलंय का?”

“नाही हो, चौकातच बसले होते,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण आम्ही शेंगा सोलायला कायम त्याच ओसरीत बसायचो. आई जात्याशी, आणि मी भिंतीला टेकून.”

सहा फुटांवरून साडेचार फुटी वृंदावनाचा माथा दिसतो, आतली माती दिसते. समोरच्या ओसरीची जमीनही ऐसपैस दिसते. ज्या दोन गोष्टी मी चुका म्हणून लाल पेन्सिलने खुणावल्या होत्या, त्याच त्या चित्रातल्या सर्वांत खऱ्या गोष्टी होत्या. चुकीची होती ती बसायची जागा.

मग वृंदावन न खोडता आम्ही स्टूल हलवलं. पूर्वेच्या ओसरीत, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे. याचा आणखी एक फायदा झाला. चौकाच्या कडेला बसल्यावर सर्वांत जवळचा खांब इतका बाजूला होता की तो बघायला मान वळवावी लागे, आणि मान वळवून काढलेली गोष्ट सरळ बघून काढलेल्या गोष्टीशी कधी जुळत नाही. ओसरीत मागे सरकल्यावर सगळा चौक मान न हलवता नजरेत मावायला लागला.

वीस वर्षं मी विद्यार्थ्यांना ‘आधी क्षितिजरेषा काढा’ म्हणत आलोय. आता आधी विचारतो, या चित्रातला डोळा बसलाय कुठे, आणि ते शोधायला जुनं, बिघडलेलं चित्रच वापरतो.

दुसरा निर्णय: पट्टी की ओळंबा

रेषेसाठी आम्ही गवंड्याची अवजारं वापरली. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन, ताईंच्या डोळ्याच्या उंचीला समोरच्या आणि बाजूच्या सगळ्या खांबांवर खडूची खूण केली. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं, त्यामुळे जोतं खचलेलं असलं तरी खूण चुकत नाही. स्टुलावर बसून पाहिलं की त्या सगळ्या खुणा एका आडव्या ओळीत आल्या. क्षितिजरेषा म्हणजे काय हे ताईंना त्या क्षणी कळलं, आणि त्यांनी स्वतःच हात लांब करून पेन्सिल आडवी धरली आणि ती ओळ कागदावर उतरवली.

उभ्या रेषांसाठी ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. उजवीकडचा तिसरा खांब वरच्या टोकाला दोन इंच चौकाकडे कलला होता, बाकीचे जवळपास सरळ होते. हे कळल्यावर चित्रातही तो एकच खांब कलता ठेवला.

खणांसाठी, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांसाठी, कर्णाची जुनी युक्ती. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यातून रेषा खाली नेली की जिथे ती खांबांच्या पायथ्याच्या रेषेला लागते तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून, की चौथा. ताईंना ही रीत फार आवडली. पण कागदावरचा शेवटचा खांब डोळ्याला दिसणाऱ्या खांबाच्या पुढे जात होता. दोनदा काढलं, दोनदा तेच. शेवटी टेप लावली, तर चार खण पाच-पाच फुटांचे आणि जिन्याशेजारचा शेवटचा खण चारच फुटांचा. कर्णाची रीत सगळे खण सारखे धरून चालते; जुन्या वाड्यात सुताराने जिन्यासाठी एक खण आवळलेला असू शकतो. तेव्हापासून नियम केला, की आधी टेप, मग रीत.

महिरपींना, म्हणजे खांबांमधल्या पाकळीदार कमानींना, वेळ लागला. बाजूने दिसणारी महिरप आधी चौकटीत बसवायची, चौकटीचे कर्ण काढून तिचा मध्य शोधायचा. तो मध्य कागदावर मोजलेल्या मध्यापेक्षा दूरच्या खांबाकडे सरकलेला असतो, म्हणून जवळची अर्धी महिरप रुंद आणि दूरची अरुंद दिसते. पाकळ्या मोजून दोन्हीकडे सारख्या वाटायच्या. एवढं केलं की महिरप वळते.

हस्तांच्या बारकाव्याचं मात्र शब्दांनी जमेना. म्हणून एका रविवारी गावी न जाता ताईंना विश्रामबागवाड्यासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर बसवलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला तो लाकडी दर्शनी भाग, सुरूच्या आकाराचे खांब, वर कोरीव नक्षी. अट एकच: उठून जवळ जायचं नाही. तासाभराने त्यांच्या कागदावर जवळच्या खांबाची नक्षी होती, आणि लांबच्या खांबांवर नुसत्या सावलीच्या दोन-तीन फटकाऱ्यांनी तीच नक्षी ओळखू येत होती. तो रविवार वाया गेला असं घरच्यांना वाटलं. माझ्या मते सातही आठवड्यांतली ती सर्वांत कामाची बैठक होती.

तिसरा निर्णय: कोणती वेळ

छायेसाठी एक वेळ ठरवायची होती. दुपारची वेळ ताईंना सोयीची होती, पण दुपारी समोरचा दर्शनी भाग पाठमोऱ्या उजेडात जाऊन सपाट व्हायचा. आम्ही सकाळचे सव्वादहा घेतले. तेव्हा सूर्य डाव्या खांद्यामागून यायचा, समोर उन्हाची तिरकी कड, उजवीकडचे खांब उन्हात, डावीकडची ओसरी पूर्ण सावलीत.

ती कड थांबत नाही. अर्ध्या तासात उजव्या टोकाला ती जवळजवळ फूटभर खाली सरकायची. म्हणून क्रम ठरला: सव्वादहाला बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत फक्त सावल्यांच्या कडा पुसट रेषेने आखून घ्यायच्या. नंतर ऊन कुठेही जावो, कागदावरची कड हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वादहा.

मग छटा. कागदाच्या पट्टीवर पाच चौकोन: पहिला कोरा, पाचवा जमेल तितका काळा. पट्टी हात लांब करून धरायची, डोळे किलकिले करायचे आणि प्रत्येक भागावर आकडा लिहायचा. आकडे लिहिताना ताईंना आपोआप दिसलं की जुन्या चित्रात सर्वांत काळी गोष्ट हस्तांची बाह्यरेषा होती, कारण हस्त त्यांचे लाडके. प्रत्यक्षात पाचचा आकडा फक्त तीन ठिकाणी बसत होता: माजघराचं उघडं दार, जिन्याचं तोंड आणि समोरच्या ओसरीतला कडीपाटाचा, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताचा, मागचा कोपरा. बाहेरच्या कडेजवळच्या कड्या खालून उजळलेल्या होत्या, उन्हातल्या भिंतीवरून परतणारा उजेड तिथवर पोचत होता. त्या दोन आणि तीनच्या मधल्या.

खांबांचं तर फार सुंदर होतं. समोरचा एकच खांब माजघराच्या काळ्या दारापुढे उजळ दिसत होता आणि वर, उन्हातल्या गिलाव्यापुढे, गडद. मध्ये हातभर तो पार्श्वभूमीत विरून जात होता, कडच नव्हती. ताईंनी तिथे रेषा काढायचं टाळलं आणि पहिल्यांदाच तो खांब कागदावर गोल दिसला.

बोटाने घासणं बंद केलं आणि शाई घेतली, ०.१ आणि ०.३ ची पेनं. दगडी जोत्याला तुटक आखूड फटकारे, सागवानी खांबांना रेषा लाकडाच्या दिशेने, गिलाव्याला शक्यतो कोरा कागद. शाईचा बराचसा भाग पुण्यात, आकड्यांवरून झाला.

काय वेगळं करायला हवं होतं

दिंडी दरवाजाचं चित्र माझ्यामुळे बिघडलं. तिथे मी घाईत होतो. ओळंबा न लावता, पट्टीने सगळ्या रेषा सरळ करून दिल्या. ते चित्र यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) परीक्षेत पास होईल, पण तो दरवाजा त्या वाड्याचा राहिला नाही. ताई काही बोलल्या नाहीत, मात्र ते त्यांनी घरच्यांना दाखवलंही नाही. पट्टी रचना तपासायला ठीक आहे; शेवटची रेषा चित्रकाराच्या हाताची हवी, आणि ती त्यांच्याकडूनच करून घ्यायला हवी होती.

मोजमाप-नकाशांचा आग्रह मी धरायला हवा होता. चित्र बसल्यासारखं वाटायला लावतं, पण माजघराची लांबी-रुंदी त्यातून काढता येत नाही. दोन विद्यार्थी दोन दिवसांत ते काम करून गेले असते. घरच्यांचं “आता कशाला” मी शेवटचा शब्द मानला, ही माझी चूक. पुतण्याने मार्चमध्ये दाराची चौकट नव्या घरात बसवायला काढली, तेव्हा मूळ उंबऱ्यापासूनची उंची कोणाकडेच नव्हती.

आणि एका बैठकीत एकच चित्र हा नियम मी पहिल्या आठवड्यापासून लावायला हवा होता. पहिल्या दोन शनिवारी आम्ही तीन-तीन जागा धरल्या आणि कुठलंच पुरं झालं नाही.

शेवट

सातपैकी पाच चित्रं पूर्ण झाली. वाडा फेब्रुवारीत उतरवला.

चौकाचं चित्र ताईंनी भावाला दिलं तेव्हा मी तिथे होतो. त्याने ते बराच वेळ धरून ठेवलं. मग उजवीकडच्या तिसऱ्या खांबावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, हा कललेला दाखवलास. याला माझा झोपाळा होता.”

दोन चित्रं पेन्सिलीतच राहिली: वरच्या दिवाणखान्याचं आणि मागच्या परसाचं. त्यांच्या रेषा नीट आहेत, खालच्या कोपऱ्यात बसायची जागा आणि डोळ्याची उंची लिहिलेली आहे, पण छटांचे आकडे नाहीत. त्या सकाळी ढग होते. ताईंनी मला विचारलं, अंदाजाने छाया भरू का. आम्ही दोघांनी तासभर त्यावर विचार केला. दिवाणखान्यात सव्वादहाला ऊन कुठवर येत होतं हे त्यांना नक्की आठवेना, आणि मला तर ठाऊकच नव्हतं. ती दोन पानं तशीच ठेवली आहेत. प्रतींमध्येही ती तशीच, कोऱ्या रेषांची, छापली.